अंगणातले मेंबर

डाव्या हाताचा पंजा कानामागं धरायचा, मान जराशी पुढं काढायची आणि अगदी शांतपणे म्हणायचं, "आवाज नाई आला, पाटील. पुन्हा सांगा."

आमच्या ग्रामपंचायतीच्या बैठकीची सुरुवात अशी होई, मध्य असा होई आणि शेवटही बहुतेक वेळा असाच होई. पाटील म्हणजे आमचे सरपंच. ते देवळाच्या सभामंडपात बसलेले असत आणि कानामागं हात धरणारे मेंबर देवळाच्या अंगणात. मधल्या उंबऱ्यावर मी. मी त्या पंचायतीचा सचिव होतो. कारंज्याहून मॅट्रिक होऊन नुकताच नोकरीला लागलेला, धोतर सोडून पायजम्यात आलेला आणि त्या पायजम्याची इस्त्री सांभाळण्यात अर्धं लक्ष असलेला.

गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, आसेगावकडच्या बाजूचं. नाव सांगत नाही. गावात अजून माणसं राहतात आणि त्यांतली बरीच आता वाचूही लागली आहेत. तेव्हा आपला हा सगळा भाग मध्य प्रदेशात होता आणि सरकारी कागद नागपूरहून हिंदीत येत. त्यातल्याच एका कागदानं आमच्या पंचायतीत एक जागा राखीव ठेवली होती. ती जागा मेंबरांची. अडचण एवढीच, की पंचायतीला स्वतःची इमारत नव्हती. बैठक मारुतीच्या देवळात भरत असे आणि देवळात गावाच्या खालच्या अंगाची माणसं येत नसत. गाव त्या वस्तीला महारवाडा म्हणे. तेव्हा निवडून आलेला माणूस बैठकीला तर यायचा, पण अंगणात बसायचा, असा तोडगा गावानं काढला होता. तोडगा काढताना मेंबरांना कोणी विचारलं नव्हतं.

मेंबरांनी भांडण केलं नाही. ते आले, अंगणातल्या कडुलिंबाखाली पोतं अंथरून बसले आणि त्यांनी कानामागं हात धरला.

तुम्ही कधी एखादा ठराव पाच-सहा वेळा मोठ्यानं वाचला आहे का? "मौजे अमुक येथील बैलबाजाराचा कर" असं सरपंचांनी म्हणावं आणि अंगणातून "कायचा कर?" असं यावं. सरपंचांनी आवाज चढवावा. मेंबरांनी तितक्याच सौजन्यानं सांगावं, की अर्धं आलं, अर्धं नाही आलं, आणि अर्ध्या ठरावाले मी हात कसा वर करू? त्यातून कडुलिंबाची सावली जागची हलत असे. सावली सरके तसे मेंबर सरकत. बैठक लांबली की ते पार आवाराच्या भिंतीला जाऊन टेकत आणि सरपंचांना बाजारात हाका मारल्यासारखं ओरडावं लागे.

कानांत काही दोष नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फाट्यावर मोटार वळली की तिचा आवाज आम्हाला ऐकू येण्याआधी मेंबर पिशवी उचलत.

तरुणपणी ते कारंज्याच्या एका जिनात कामाला होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांपाशी त्यांची काही वर्षं गेली होती. मी कारंज्याचा, म्हणून माझ्याशी ते त्या दिवसांचं बोलत. जिनातून संध्याकाळी बाहेर पडलं की सगळी माणसं रुईच्या भुशानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली असत. कोण कोणाचा, ओळखू येत नसे. मात्र नळापाशी गेलं की लगेच ओळखू येई, कारण नळ दोन होते. हे सांगताना ते हसत. त्यांचं हसणं मला आधी कळत नसे. पुढं कळायला लागलं तेव्हा मला त्याची जरा धास्ती वाटू लागली.

जिनातूनच त्यांनी एक काळा कोट आणला होता, कोणा मुनीमाचा उतरलेला. तो ते फक्त बैठकीला घालत, अगदी चैत्रातही. आणि पायात चपला. खालच्या अंगाच्या माणसानं चपला घालून पाटलाच्या घरापुढून जायचं नाही, अशी गावाची रीत होती. मेंबर चपला करकर वाजवत येत आणि अंगणातही काढत नसत. एका पंचानं हटकलं, देवाचं ठिकाण आहे म्हणून. मेंबर म्हणाले, "देवळाच्या आत चप्पल चालत नाई, बराबर हाय. पन मी तं भायेर हाव. तुमीच बसवलं." पंच परत आत जाऊन बसला.

गावात सगळे त्यांना अरे-तुरे करत. त्यांच्यापेक्षा लहान पोरंसुद्धा. "मेंबर" हा शब्दही गावानं चेष्टेनंच सुरू केला होता. त्यांनी तो तसाच उचलला, झटकला आणि अंगावर चढवला. कोणी त्यांना नावानं हाक मारली तर ते वळत नसत. मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नाही आणि इथंही करणार नाही.

बैठकीला चहा येई. पंचांना कपबशीतून. मेंबरांसाठी एक कानतुटका कप देवळाच्या भिंतीतल्या देवळीत पालथा घातलेला असे. तो त्यांनी स्वतः काढायचा, पुढं धरायचा, चहावाल्यानं वरून ओतायचा आणि पिऊन झाल्यावर तो त्यांनीच विसळून ठेवायचा. दोन-तीन बैठका हे चाललं. मग एका बैठकीला मेंबर घरून किटली भरून घेऊन आले. म्हणाले, नेहमी पंचायतीचा चहा पितो, आज माझ्याकडून पंचायतीला. किटली त्यांनी उंबऱ्यावर माझ्याजवळ ठेवली. कोणाचं पोट बिघडलं होतं, कोणाचा उपास होता. एक जण तर म्हणाला, की त्यानं चहाच सोडला आहे, आणि खरोखर पुढं कितीतरी दिवस त्या बिचाऱ्याला बैठकीत चहा घेता आला नाही. मी प्यालो. धाडस वगैरे काही नव्हतं, माझं डोकं दुखत होतं. चहा गुळाचा होता आणि फार कडक होता.

"लिहून ठेवजा साहेब," मेंबर म्हणाले, "चहा दिला, कोनाले मानवला नाई."

मी लिहिलं. पाटील त्यावर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पाटील वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. कोणाच्या घरी आजारपण असलं तर रात्री बैलगाडी जुंपून देणारा, दुष्काळात कोठार उघडणारा तो माणूस होता. पण काही गोष्टी जशा आहेत तशा आहेत आणि त्यांना हात लावला तर सगळंच कोसळेल, असं त्यांना मनापासून वाटे. एकदा त्यांनी मेंबरांना समजुतीनं सांगितलं, की जरा पुढं येऊन पायरीवर बस, म्हणजे ऐकू येईल. त्यांच्या परीनं ती मोठी सवलत होती. मेंबर म्हणाले, "देवळाच्या पायरीवर कोन बसते पाटील? भीक मांगनारे. मी मतं घेऊन आलो. बसवाचं असन तं बराबरीनं बसवा, नाई तं मोठ्यानं बोला."

पाटील मोठ्यानं बोलत राहिले. शेवटी त्यांचा घसा बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. मंगरूळच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ओरडणं बंद केलं नाही तर आवाज कायमचा जाईल. त्यानंतरची बैठक शाळेच्या वर्गात ठेवली गेली. समतेच्या विजयाच्या कितीतरी मोठ्या गोष्टी मी पुढं ऐकल्या, पण आमच्या गावात तो विजय पाटलांच्या घशामुळं झाला, हे कबूल केलं पाहिजे.

शाळा सरकारी. तिथं पोरं एकत्रच बसत, त्यामुळं कोणाला काही म्हणायला जागा नव्हती. मेंबर दाराशी आले. चपला काढल्या. पंचांच्या रांगेत टाटपट्टीवर मांडी घालून बसले आणि त्या दिवशी इतकं हळू बोलले, की पाटलांनाच कानामागं हात धरावा लागला.

इथवर गंमत होती. पुढं विहिरीचा प्रश्न आला.

गावाची विहीर वरच्या आळीत होती. वस्तीतल्या बाया तिथं घागरी घेऊन येत आणि विहिरीपासून लांब, बाभळीजवळ उभ्या राहत. दोराला हात लावायचा नाही. गावातल्या कोणा बाईला दया आली, फुरसत झाली किंवा नुसतीच लहर लागली, म्हणजे ती आपल्या बादलीतलं पाणी वरून त्यांच्या घागरीत ओती. तोवर उभं राहायचं. मेंबरांची बायको रोज तिथं उभी असे. उंच, काळीसावळी बाई, नवऱ्याहून चार बोटं उंच. उभी असताना ती कोणाशी बोलत नसे आणि घागरही खाली ठेवत नसे.

अशात विकास खात्यानं गावाला पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर केली. पाटलांनी बैठकीत सगळ्यांआधी स्वतःच ठराव मांडला, की ही विहीर खालच्या वस्तीत घ्यावी, खास वस्तीच्या लोकांसाठी. बायांचे हाल थांबतील. गावानं इतकी वर्षं केलं नाही ते आपण करू. पाटलांचे डोळे बोलताना भरून आले होते आणि ते सोंग नव्हतं. सगळ्यांनी मेंबरांकडं पाहिलं.

मेंबर म्हणाले, "नाई पाहिजेन."

पाटलांना वाटलं आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"वेगळी विहीर नाई पाहिजेन," मेंबर म्हणाले. "मंजुरी गावाच्या नावानं आली. विहीर गावाचीच व्हाले पाहिजेन. आज वेगळी विहीर घेतो, उद्या तुमी वेगळी शाळा देसान, मंग वेगळा दवाखाना देसान. अन वरून म्हनसान, सारखंच तं हाय."

पाटील चिडले. ते म्हणाले, तुला पाणी पाहिजे का भांडण? मेंबर म्हणाले, पाणीच पाहिजे, पण गावाबाहेर बसून नाही पाहिजे. मग बाकीचे पंच बोलले, एकावर एक. कोणी म्हणालं, हा माणूस आपल्याच लोकांच्या तोंडचं पाणी पळवतो आहे. कोणी म्हणालं, देणाऱ्यानं द्यावं तरी किती. बैठक काही न ठरता उठली. मी घरी जाताना विचार करत होतो, की मेंबर चुकताहेत. बाभळीजवळच्या त्या बाया डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही असंच वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

वस्तीत तर आग लागली. दारात येणारी विहीर ह्या माणसानं परत पाठवली. म्हातारे त्यांच्या ओट्यावर येऊन शिव्या देऊन गेले. मेंबरांच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, पाण्याचा गडू मात्र ठेवायची नाही. दोन दिवस मेंबर कोरडी भाकर गिळत होते. हे तिनंच मला सांगितलं. मी समजूत काढायला गेलो होतो, कोणाची ते मलाही पक्कं ठाऊक नव्हतं.

"सांगा साहेब यायले," ती म्हणाली. 'यायले' म्हणजे ह्यांना; मेंबर तिथंच बसले होते. "बाभयीखाली उभं राहाले मी जातो. हे नाई जात. आज पानी आनलं तवा त्या बाईनं माह्या हातावर वतलं, घागरीत नाई. हासून राह्यली होती. मले विहीर पाहिजेन. मंग ते वेगळी असो का फेगळी असो."

कोणी काही म्हटलं आणि मेंबरांनी उत्तर दिलं नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. ते उठून बाहेर गेले आणि घरापुढच्या मोकळ्या जागेत येरझारा घालत राहिले. वस्ती दाटीवाटीची. एवढी मोकळी जागा फक्त त्यांच्याच दारापुढं होती. तिथं बकरी बांधलेली असे, वांग्या-मिरच्यांची चार झाडं होती आणि पोराचं लग्न झालं की तिथं एक खोली बांधायची असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं.

पुढच्या बैठकीला ते काळा कोट घालून आले. म्हणाले, पाटलांचं म्हणणं मला मान्य आहे. विहीर वस्तीत घ्या. वस्तीत जागा एकच आहे, माझं अंगण. ते मी देतो. पंच खूश झाले. पाटील तर त्यांना शाबासकी देणार होते.

"पन विहीर गावाचीच राहीन," मेंबर म्हणाले. "कागदावर गावाची, दगडावर गावाची. अन चारही अंगाले चाकं लावा, चौघीजनी एका वक्ती पानी काढतीन असे. आमाले तुमच्या विहिरीवर येऊ देत नाई ना? नका येऊ देऊ. तुमी आमच्यात या."

आधी कोणाला कळलं नाही. कळलं तेव्हा हशा पिकला. वरच्या आळीची माणसं पाणी भरायला खाली येणार, ह्या कल्पनेनंच लोकांना हसू आवरत नव्हतं. वस्तीला पाणी मिळतं, गावाची जुनी विहीर सुटी राहते आणि दगडावर चार अक्षरं कोरायला काय जातं? ठराव एकमतानं झाला. हसत हसत झाला. मेंबरांनी हात वर केला तेव्हा ते हसत नव्हते.

वडार आले, सुरुंग लागले, मुरूम निघाला, काळा दगड निघाला आणि मग पाणी लागलं. भरपूर लागलं. गावानं पूर्वी कधीतरी सगळ्यात खालची जागा ह्या लोकांना दिली होती. गावाचं सांडपाणी, पावसाचं पाणी, सगळं त्यांच्याच अंगावरून नाल्याला जाई. जमिनीच्या पोटातही तसंच होतं. काठावर दगड बसला, "सार्वजनिक विहीर" असा. मेंबरांच्या बायकोनं पहिली घागर भरली, डोक्यावर घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता बकरी कुठी बांधू, ते सांगा." एवढ्या दिवसांनंतरचं पहिलं बोलणं. मेंबरांना एवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

वरून कोणी आलं नाही. वर्षभर गावाची विहीर वस्तीचीच राहिली आणि तीन चाकांना तेल घालायचीही गरज पडली नाही. गाव म्हणे, पाहा, झालीच ना वेगळी? मेंबर रोज संध्याकाळी चारही चाकं फिरवून पाहत. बायको म्हणे, ह्यांना चाळा लागला आहे.

त्यानंतरच्या साली पाऊस ओढला. माघातच वरच्या विहिरीत चिखल वर येऊ लागला, चैत्रात बादली खडखडू लागली. वरच्या बाया दूरच्या मळ्यांतून पाणी आणू लागल्या. मग मळ्यांच्या विहिरीही आटल्या. खाली मेंबरांच्या अंगणात पाणी होतं.

एका सकाळी वरच्या आळीच्या काही बाया घागरी घेऊन खाली आल्या. विहिरीपासून लांब थांबल्या. पुढं येऊन वस्तीतल्या बायांच्या ओल्या दोराशेजारी आपला दोर टाकायचा तर विटाळ, आणि त्यांच्या हातून वरून पाणी घ्यायचं तर त्याहून मोठा विटाळ. काय करावं त्यांना कळत नव्हतं. ऊन चढत होतं. मेंबरांचा पुतण्या, तिशीचा गडी, काठावर उभा होता. त्यानं मोठ्यानं सांगितलं, की कोणी त्यांना बोलवायचं नाही. उभ्या राहू द्या. आपल्या आया उभ्या राहिल्या, तशा ह्या राहू द्या.

वस्तीतल्या कोणालाही ते चूक वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. मेंबर घरातून बाहेर आले.

"मले बी वाटते," ते पुतण्याला म्हणाले. "लय वाटते. सांजवरोक उभं ठेवावं वाटते. पन तसं केलं का विहीर आपली झाली, गावाची नाई राह्यली. अन त्याइले तेच तं पाहिजेन."

पुतण्या काठावरून बाजूला झाला. पण बायाही पुढं आल्या नाहीत. रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या.

दुपारी पाटील स्वतः आले. वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांच्या घरी दोन दिवस गुरांना पाणी नव्हतं. ते नरमाईनं बोलले. म्हणाले, वेळा ठरवू. सकाळी आमच्या बाया भरतील, तेव्हा तुमच्या बाया दूर राहतील. संध्याकाळी तुमच्या भरतील. कोणाचाच अपमान नाही. कागदावर घेऊ हवं तर.

मेंबर म्हणाले, "वेळा वेगळ्या झाल्या का विहिरी दोन झाल्या, पाटील. मी आंगन एका विहिरीसाठी देल्लं."

"तू माणूस आहेस का कोण?" पाटील म्हणाले. "लोकांचे जीव चाललेत आणि तू हट्ट धरून बसला."

"मी कोनाले अडवलं नाई. चाकं चार हायेत. तुमचा दोर आना, तुमची बादली आना, या अन भरा. आमच्या बाया बी भरतीन, त्याच वक्ती. अडवून कोन राह्यलं, ते तुमी सांगा."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. मी सचिव, मी काहीतरी नियम काढीन, अशी त्यांची आशा असावी. मी म्हणालो, की ठरावात वेळांचा उल्लेख नाही. त्या दिवशी नोकरीत पहिल्यांदा मला माझं काम आवडलं.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या. पाटलांना विचारून आल्या की न विचारता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकट्या आल्या, डोक्यावर पदर घट्ट ओढून. सरळ विहिरीवर चढल्या आणि समोरच्या चाकावर दोर टाकला. शेजारच्या चाकावर मेंबरांची बायको पाणी काढत होती. तिनं हात थांबवला नाही, बाजूलाही सरली नाही. दोघींच्या बादल्या आत एकमेकींवर आपटल्या. संध्याकाळपर्यंत चारही चाकं फिरत होती.

आता तुम्ही म्हणाल, गाव सुधारलं. तसं काही नाही. वरच्या बाया घरी जाऊन घागरीवर गोमूत्र शिंपडत, मी स्वतः पाहिलं. मी ते मेंबरांना रागारागानं सांगितलं. ते शांत होते. "घरी जाऊन शिंपडू दे," म्हणाले, "आंघोय करू दे, काई करू दे. विहिरीवर बराबर हाय ना?" मला ते पटलं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की साहेब, तुमच्या घरी कारंज्याला मी आलो तर तुमची आई मला कुठं बसवेल?

पुढच्या निवडणुकीत मेंबर पडले. जागा राखीव, पण मतं सगळ्या गावाची. गावानं त्यांचा एक मवाळ चुलतभाऊ उभा केला आणि निवडून आणला. मेंबर काळा कोट घालून मत द्यायला आले आणि मत देऊन मला म्हणाले, "चांगला मानूस हाय. त्याले आवाज बराबर येते." गाव त्यांना तरीही मेंबरच म्हणत राहिलं, आणि आता त्यात चेष्टा उरली नव्हती. निदान मला ऐकू आली नाही.

ते फार जगले नाहीत. जिनातला भुसा छातीत राहिला होता म्हणतात. एका हिवाळ्यात खोकला धरला तो सुटला नाही. पुढं नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वस्तीत, साऱ्या मुलखात, काय काय घडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते पाहायला मेंबर हवे होते. त्यांच्याशिवाय ते सगळं पाहताना मला राग येत असे, कोणाचा ते सांगता येणार नाही.

निरोप सकाळी आला. मी गेलो तेव्हा त्यांना दारापुढं ठेवलं होतं, म्हणजे विहिरीच्या अगदी जवळ, कारण दारापुढं आता विहिरीखेरीज जागाच नव्हती. अंगावर कोट घातला होता. तिरडीचे बांबू बांधून होत आले होते. नेमक्या त्याच वेळी वरच्या आळीच्या बाया घागरी घेऊन आल्या. त्यांना कळलं नव्हतं. मढं पाहून त्या जागच्या जागी थबकल्या. दारात प्रेत असताना त्या घरचं पाणी कोणी भरत नाही. हा रिवाज वर आहे आणि खालीही आहे. बायांनी पदर तोंडाला लावले आणि त्या वळल्या. वस्तीतल्या माणसांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मेंबरांची बायको उशाशी बसली होती. ती उठली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज फुटला तो गावभर जाईल असा.

"काहून वापस चालल्या?" ती म्हणाली. "घर आमचं हाय. विहीर गावाची हाय. भरा."

कोणी हललं नाही. तिच्या दिरानं तिला खाली बसवायला हात धरला, तो तिनं झटकला. तिनं मेंबरांकडं एकदा पाहिलं.

"यायले आता घाई नाई," ती म्हणाली. "आदी पानी भरा."

पाटलीणबाई पुढं आल्या. मेंबरांच्या पायांजवळून वाट होती, तिथून विहिरीवर चढल्या आणि त्यांनी दोर टाकला. मग दुसरी आली, मग तिसरी. वस्तीतली माणसं तिरडी धरून उभी होती. मीही उभा होतो. शेवटच्या बाईची घागर भरून होईपर्यंत मेंबरांना कोणी उचललं नाही.